नियंत्रण कक्ष आणि नळ

25 जून 2015 रोजी केंद्र सरकारने स्मार्ट सिटी अभियान जाहीर केले. 31 मार्च 2025 रोजी ते संपुष्टात आले. या काळात शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. शहरे वेगळी, नमुना मात्र एकच.

पहिल्या वीस शहरांच्या यादीत पुण्याबरोबर सोलापूरही होते. विडी कामगार स्त्रियांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या या शहराने वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली. तेथे तंत्रज्ञानापुढील पहिला प्रश्न पडद्यावरील चित्राचा नसून नळाच्या वेळेचा आहे. गळती शोधून वस्तीत पाणी पोचविणारे मीटर स्वागतार्ह होत. केवळ वसुलीसाठी बसविलेले नव्हेत.

हा विवेक कोणी करावयाचा? 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने लोकनियुक्त नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. अभियानाने मात्र शहरोशहरी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपन्या स्थापून निर्णय सभागृहाबाहेर नेले. समाजवाद्यांचा विरोध यंत्राला नाही, या व्यवस्थेला आहे. अभियान संपले, तरी हिशेब संपलेला नाही. कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागांत तो मागितला पाहिजे: ही यंत्रणा कोणाच्या दारी पोचली?