विलायतेची वारी आणि नागपूरची तरवार

समुद्र ओलांडून परत आलेल्या माणसास आमच्या पणजोबांच्या पिढीनें पंचगव्य पाजून शुद्ध केलें, आणि जो प्यावयास तयार नव्हता त्याची पंगत तोडली. त्याच घरांतील पणतू आज सहलीच्या कंपनीच्या झेंड्यामागून बायकामुलांसह लंडन शहर पाहून येतात, कंपनीवाले त्यांना थेम्सच्या कांठीं पुरणपोळी वाढतात, आणि कोणाचा धर्म बुडत नाहीं. हें फार चांगलें झालें. आमची तक्रार प्रवासाबद्दल नसून पाहण्याबद्दल आहे. परत आलेल्या गृहस्थांस काय काय पाहिलें म्हणून विचारावें, तर घड्याळाचा मनोरा, नदीवरचा उघडझांप होणारा पूल, मेणाचे पुतळे आणि राजवाड्यासमोरील पहारा बदलण्याचा थाट, एवढी यादी ऐकावयास मिळते. टॉवरमध्यें कोहिनूर पाहून उसासा टाकला, एवढाच काय तो स्वदेशाचा स्पर्श. ज्या शहरांतून या देशाचा कारभार चालला, त्या शहरांत आमचें काय काय आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं.

नागपूरकरांनीं तरी तो आतां विचारला पाहिजे. २०२५ सालच्या एप्रिलच्या २९ तारखेस लंडनच्या सोदबीज या लिलावघरांत एक तरवार विक्रीस निघाली. तिचें पातें युरोपीय घडणीचें, ज्याला मराठी फौजेंत फिरंग म्हणत, मूठ दक्षिणी, आणि पात्याच्या पाठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत श्रीमंत राघोजी भोसले यांचें नांव. म्हणजे नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा, ज्यांच्या फौजा बंगालपर्यंत जाऊन आल्या ते पहिले रघूजी. महाराष्ट्र सरकारनें ती मध्यस्थामार्फत विकत घेतली. वाहतूक व विमा धरून सत्तेचाळीस लाख पंधरा हजार रुपये पडले, आणि ऑगस्टांत ती मुंबईस पोंचली. युरोपांतून व्यापारानें आलेलें पातें युरोपांत परत गेलें आणि आतां दाम मोजून पुनः इकडे आलें.

सरकारनें हें केलें तें योग्य केलें, असें आमचें मत आहे. परंतु वकिलीची संवय सुटत नाहीं म्हणून एक शंका नमूद करतों. जी वस्तु आपली म्हणून मागावयाची, ती विकत घेतली म्हणजे विकणाराची मालकी आपण मान्य केली कीं नाहीं? १८१७ सालच्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, त्यानंतरच्या लुटींत ही तरवार गेली असावी, असा जाणत्यांचा तर्क आहे. तर्क हा पुरावा नव्हे, आणि पुराव्यावांचून कोणतेंहि न्यायालय दावा उभा करून घेणार नाहीं. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा १९७० सालचा युनेस्कोचा करार पूर्वलक्षी नाहीं. उलट ब्रिटिश म्यूझियमच्या विश्वस्तांस १९६३ च्या कायद्यानें आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियमच्या विश्वस्तांस १९८३ च्या कायद्यानें, थोडे अपवाद सोडून, संग्रहांतली वस्तु देऊन टाकण्याची मनाई आहे. म्हणजे चोराच्या वाड्याला कुलूप, आणि कुलपाला कायद्याचा शिक्का! अशा स्थितींत लिलावांत आलेली वस्तु सोडून देणें हा तत्त्वाभिमान नव्हे, आळस आहे. मात्र पुढच्या लिलावाची बातमी वर्तमानपत्रांत वाचून मग धांवाधांव करावयाची, हा क्रम बदलला पाहिजे.

तो बदलावयाचा तर लंडन निराळ्या डोळ्यांनीं पाहावें लागेल. ब्रिटिश म्यूझियमचीच गोष्ट घ्या. ही संस्था पार्लमेंटच्या कायद्यानें १७५३ सालीं स्थापन झाली, तेव्हां नागपुरास हेच पहिले रघूजी राज्य करीत होते. तेथें प्रवेशास पैसा पडत नाहीं. तेथील अमरावतीचीं शिल्पें सर्वांच्या डोळ्यांत भरतात. परंतु आमचा वाचक तेथें गेला तर त्यानें गुंगेरियाच्या तांब्याच्या कुऱ्हाडींची चौकशी करावी. १८७० सालीं बालाघाट जिल्ह्यांत, जो तेव्हां नागपूरच्या अमलाखालील मध्यप्रांतांत होता, गुरें चारणाऱ्या दोन पोरांना जमिनींत एक साठा सांपडला: तांब्याचीं ४२४ हत्यारें आणि चांदीचे १०२ पत्रे. हिंदुस्थानांत सांपडलेल्या ताम्रनिधींत हा अत्यंत मोठा. त्याचा कांहीं भाग लंडनला गेला आणि कांहीं भाग येथें, आमच्या अजब बंगल्यांत, राहिला. एकाच खड्ड्यांतून निघालेल्या या भावंडांपैकीं लंडनच्या भावंडावर विद्वानांनीं लिहिलें. नागपूरचें भावंड किती नागपूरकरांनीं पाहिलें आहे?

साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें टिपूचा लांकडी वाघ आहे, तो १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटींतला. ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेलीं वाघनखेंहि याच संस्थेचीं. तीं तीन वर्षांच्या बोलीनें २०२४ सालीं सातारच्या संग्रहालयांत आलीं आणि पुढें नागपुरासहि आलीं. या वाघनखांविषयीं ती संस्था स्वतःच सांगते कीं, अफझलखानाच्या वेळचीं तीं हींच, असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. या एका वाक्यावरून आमच्याकडे केवढा गहजब झाला! आम्हांस विचाराल तर, जेवढें सिद्ध तेवढेंच पाटीवर लिहावयाचें, ही शिस्त वाघनखांहून अधिक अगत्यानें उसनी आणण्यासारखी आहे. शिवछत्रपतींचा पराक्रम एका पाटीवर अवलंबून नाहीं.

ज्यास कागदांचा नाद आहे त्यानें सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत जावें. इंडिया ऑफिसचें सारें दप्तर तेथें आहे. परवाना विनामूल्य मिळतो. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षीं डलहौसीनें हें राज्य खालसा करून भोसल्यांचें जडजवाहीर कलकत्त्यास लिलावांत काढलें. त्या व्यवहारांत कंपनीच्या दिवाणखान्यांत काय लिहिलें गेलें, हें शोधावयाचें तें याच दप्तरांत. पुढें कधीं काळीं कोणत्याहि वस्तूवर हक्क सांगावयाचा तर लागणारा पुरावा मिरवणुकींत सांपडणार नाहीं, या बासनांत सांपडेल. आमच्या विद्यापीठानें इतिहासाचे दोन तरुण पदवीधर दोन वर्षें तेथें बसवावे. सत्तेचाळीस लाखांच्या मानानें हा खर्च मोठा नव्हे.

कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. ती १८६१ च्या सुमारास पाडली, आणि त्या जागीं आज लॉइड्स या विमासंस्थेची लोखंडी नळ्यांची इमारत उभी आहे. तेथें पाहण्यासारखें आमचें कांहींच उरलेलें नाहीं. तरीहि आमच्या व्यवसायबंधूंनीं क्षणभर तेथें थांबावें, कारण पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठीं सातारचे रंगो बापूजी चौदा वर्षें त्याच कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होते, आणि १८५३ सालीं हात हलवीत परत आले.

घरांची यात्राहि थोडकी नाहीं. हायगेट भागांत ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू हें १९०५ सालचें इंडिया हाउस. त्यावर सावरकरांच्या नांवाची पाटी आहे. हाउली प्लेसमधील दहा नंबरच्या घरीं लोकमान्य १९१८-१९ सालीं राहिले. चिरोलवरील बदनामीचा दावा ते हरले तो याच मुक्कामांत. आणि नागपूरकरानें चुकवूं नये असें घर म्हणजे प्रिमरोझ हिलजवळील १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ सालीं डॉ. आंबेडकर येथें राहत, आणि ब्रिटिश म्यूझियमच्या गोल वाचनगृहांत दरवाजे बंद होईपर्यंत वाचीत बसत. ज्या नगरीनें १९५६ सालीं दीक्षाभूमीवरचा तो सोहळा पाहिला, तिच्या रहिवाशांस या घराचें महत्त्व सांगावयास नको. महाराष्ट्र सरकारनें तें २०१५ सालीं विकत घेऊन स्मारक केलें. वस्तीच्या जागीं संग्रहालय चालणार नाहीं म्हणून कॅम्डनच्या स्थानिक संस्थेनें हरकत घेतली. चौकशी झाली, अपील झालें, आणि २०२० सालीं वरिष्ठ मंत्र्यानें परवानगी दिली. रंगो बापूजींस जी दाद मिळाली नाहीं ती त्याच शहरांत, रीतसर कागद पुढें केल्यावर, या घरास मिळाली.

राहतां राहिली तरवार. तिचें कायमचें घर नागपुरास असावें, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. रघूजींचें नांव तिच्यावर आहे आणि रघूजींचें नगर हें आहे. परंतु हक्क सांगतांना आमच्या नगरवासीयांनीं आपलें मुखहि आरशांत पाहावें. १८६३ सालीं सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दींत सुरू झालेला अजब बंगला आमच्या डोळ्यांसमोर आहे. शाळेच्या सहलींत एकदां जावें आणि पुनः जन्मांत फिरकूं नये, अशी आमच्या सुशिक्षितांची वहिवाट. तरवार येथें आणावयाची तर तिच्या पाटीवर सिद्ध काय आणि तर्क काय हें वेगळें लिहिलेलें असावें, मराठींत असावें, आणि शेजारींच सीताबर्डीचा नकाशा असावा. तोंवर ज्यांनीं लंडनचें तिकीट काढलेंच आहे, त्यांनीं निघण्यापूर्वीं एक सकाळ अजब बंगल्यांत घालवावी, म्हणजे गुंगेरियाचें तेथील भावंड ओळखूं येईल. सोमवारीं मात्र जाऊं नये. त्या दिवशीं बंगला बंद असतो.