अफगाणांविना अफगाणिस्तान

संपादक महोदय,



'मेटल गिअर सॉलिड ५ : द फँटम पेन' या गेमचा विषय निघाला की लेखांत आणि गप्पांत एकच निकाल ऐकू येतो. गेम अप्रतिम होता, पण कोनामी कंपनी आणि दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांचे बिनसले, गेम अर्धवट राहिला, आणि त्याचा दोष काय तो एवढाच. हे निदान मला मान्य नाही. नवा खेळाडू हेच ऐकून खेळायला बसतो, आणि गेमची खरी उणीव समोर असूनही त्याला दिसत नाही. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेला हा गेम घडतो १९८४ साली. नऊ वर्षे कोमात काढलेला एक लढवय्या सायप्रसमधल्या रुग्णालयात शुद्धीवर येतो, आणि लवकरच आपण त्याला घेऊन सोव्हिएत फौजांच्या ताब्यातल्या अफगाणिस्तानात, काबूलच्या उत्तरेकडच्या डोंगरांत, घोड्यावरून शिरतो. पुढे अंगोला आणि झैरे यांच्या सीमेवरचा मुलूखही खुला होतो. काम बहुधा एकाच धर्तीचे : ठाण्यात चोरपावलांनी घुसायचे, कैदी सोडवायचा किंवा अधिकारी उचलायचा, आणि कोणाला सुगावा लागायच्या आत पसार व्हायचे.

हे काम या गेमने जसे रचले आहे तसे आजवर फार थोड्यांना जमले आहे, हे मी मोकळ्या मनाने लिहितो. टेकडीवर पालथे पडून दुर्बिणीतून ठाणे न्याहाळण्यातच अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पहारा बदलतो, ती वेळ साधता येते. जनरेटर बंद केला तर दिवे जातात, पण काय झाले ते पाहायला कोणीतरी येतोच. संपर्काची यंत्रणा उडवली तर ठाण्याला बाहेरून कुमक मागवता येत नाही, रडार उडवले तर आपले हेलिकॉप्टर जवळ उतरू शकते. मध्येच वाळूचे वादळ उठते, चार पावलांवरचे दिसेनासे होते, आणि आखलेला बेत सोडून आपण सरळ फाटकातून आत जातो. पकडलेल्या शिपायाच्या गळ्याला सुरी लावून माहिती विचारावी तर तो रशियन बोलतो. रशियन जाणणारा दुभाषा शोधून, त्याला उचलून आपल्या तळावर आणेपर्यंत त्याचे एक अक्षर कळत नाही. इतकी बारीक, चिवट गोष्ट गेममध्ये घालायला धाडस लागते.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळी आहे : इथला शत्रू शिकतो. सारखे डोक्यावर नेम धरलात तर पुढच्या ठाण्यांवर शिपाई हेल्मेट घालून उभे दिसतात. रात्रीच हल्ले करायची सवय लागली तर त्यांना अंधारात पाहण्याचे चष्मे मिळतात, झोपेचा वायू वापरत राहिलात तर गॅसचे मुखवटे येतात. मग आपली माणसे पाठवून त्यांची ही रसद तोडावी लागते, नाहीतर स्वतःची पद्धत बदलावी लागते. बहुतेक स्टेल्थ, म्हणजे चोरपावलांच्या, गेममध्ये पहिल्या तासात सापडलेली युक्ती शेवटपर्यंत चालते आणि निम्म्या वाटेवर कंटाळा येतो. इथे सवय हीच खेळाडूची शत्रू होते. शिवाय पकडले गेलो म्हणजे सगळे संपले, असेही नाही. दिसताक्षणी काळ क्षणभर मंदावतो, तेवढ्यात समोरच्याला गप्प करता आले तर बेत वाचतो. ही सवलत बंदही करता येते, आणि ती बंद करूनच खेळावे असे माझे मत आहे. बेत फसल्यावर जी धावपळ, लपाछपी आणि नवी जुळवाजुळव सुरू होते, तीच या गेमची सर्वांत सुंदर वेळ.

आता 'अर्धवट' या आरोपाकडे येतो. तो खोटा नाही. पहिल्या प्रकरणात ३१ मोहिमा आहेत. दुसऱ्या प्रकरणात मात्र त्यांतल्याच कित्येक जास्त कठीण करून पुन्हा समोर ठेवल्या आहेत. ५१ वी मोहीम तर गेममध्ये नाहीच. तिचे अपुरे तुकडे विशेष आवृत्तीच्या डिस्कवर पाहायला मिळाले. पण समजा, ती पूर्ण झाली असती तर काय मिळाले असते? एका धाग्याचा शेवट, काही दृश्ये, एक मोठी लढाई. तेवढ्याने अफगाणिस्तान बदलले नसते, आणि माझी तक्रार अफगाणिस्तानाबद्दल आहे.

या अफगाणिस्तानात अफगाण नाहीत. एखाददुसरा कैदेतला मुजाहिद सोडला तर खेड्यात शेतकरी नाही, वाटेवर मेंढपाळ नाही, घराच्या दारात म्हातारी नाही. घरे आहेत, त्यांत सोव्हिएत शिपाई आहेत. दोन ठाण्यांमधले रस्ते कड्यांनी असे आवळलेले आहेत की 'मुक्त' म्हणवणारे हे जग प्रत्यक्षात बोळांचे जाळे आहे, आणि त्या बोळांत घोडा दौडवताना दिसते ते म्हणजे दोन-चार शिपायांची चौकी, पुन्हा चौकी, पुन्हा चौकी. आज साफ केलेली चौकी काही वेळाने पुन्हा भरलेली असते.

यावर एक उत्तर मिळते, आणि ते विचार करण्याजोगे आहे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्यानंतर लाखो अफगाण पाकिस्तानात आणि इराणमध्ये परागंदा झाले, खेडीच्या खेडी ओस पडली, तेव्हा रिकामे खेडे इतिहासाला धरूनच आहे. मान्य. पण ओस पडलेले खेडे आणि कधी वसलेच नव्हते असे खेडे यांत फरक असतो. मागे राहिलेले, लपून बसलेले, दोन्ही बाजूंना घाबरणारे लोक कुठेतरी असायला हवेत. सोव्हिएत सैन्याच्या क्रूरपणाविषयी गेममधल्या कॅसेटवर ऐकायला मिळते, ते जमिनीवर कुठे भेटत नाही. दुसरे उत्तर तांत्रिक आहे : हा गेम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरही चालवायचा होता, गर्दी परवडली नसती. गर्दी कोण मागतो आहे? दहा माणसे पुरली असती.

हट्ट एवढ्यासाठी की लपणे हे केवळ शत्रूच्या डोळ्यांपासून लपणे नसते. मला पाहणारा मुलगा ओरडेल की गप्प राहील, मी ज्याच्या गोठ्यात दडलो त्याला उद्या शिक्षा होईल का, या प्रश्नांनी गनिमी युद्धातल्या लपण्याला वजन येते. ते नसले की उरते ते कोडे. उत्तम कोडे, पण कोडेच.

याचा पुरावा खुद्द या गेममध्ये आहे. आफ्रिकेतल्या १८ व्या मोहिमेत आपल्याला खाणीतले कैदी ठार करण्याचे काम मिळते, आणि ते कैदी लहान मुले निघतात. त्यांना बाहेर काढताना एकाला चालता येत नाही, त्याला उचलून न्यावे लागते. तेच गवत, तेच पहारेकरी, पण प्रत्येक पाऊल जड होते. ४३ व्या मोहिमेत आपण स्वतःच गोळा केलेल्या माणसांवर बंदूक रोखायची वेळ येते. एरवी बेशुद्ध शिपायाला फुग्याला बांधून आकाशात पाठवायचे आणि तो पुढे आपल्या तळावर मुकाट्याने राबतो, हा सगळा प्रकार यादी भरण्यासारखा होऊन बसतो. त्या मोहिमेत मात्र ती यादी माणसांची होती हे लक्षात येते. कोजिमांना हे जमत होते. म्हणूनच बाकीचा मुलूख रिकामा सोडल्याचे वाईट वाटते.

तुलनेला २०१८ च्या 'हिटमॅन २' मधली मुंबई घ्या. त्या मुंबईत खटकण्याजोगे पुष्कळ आहे. सगळे इंग्रजीतच बोलतात, हे आपल्याला तर पहिल्या मिनिटात टोचते. पण तिथे वजीर काळे नावाचा गुंड गर्दीत कोणता, हेच आधी शोधावे लागते, आणि चाळी-झोपड्यांतल्या साध्या माणसांच्या नजरा सारखे भान ठेवायला लावतात. जागा छोटी, माणसे भरपूर. 'द फँटम पेन'चीच पूर्वपीठिका असलेला 'ग्राउंड झीरोज' (२०१४) क्यूबातल्या एका लष्करी छावणीपुरता आहे. त्या छावणीतली एक रात्र मला काबूलच्या उत्तरेकडच्या सगळ्या रिकाम्या मुलुखापेक्षा भरीव वाटते.

आणखी दोन दोष लिहिल्याशिवाय राहवत नाही. क्वाएट या नेमबाज स्त्रीला जवळजवळ विवस्त्र वावरवायचे आणि ती त्वचेतून श्वास घेते असे कारण द्यायचे, ही लबाडी आहे. पात्र म्हणून ती या गेममधल्या सर्वांत लक्षात राहणाऱ्यांपैकी एक आहे, त्यामुळे तिचा अपमान अधिक बोचतो. आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या गेममध्ये जास्तीच्या तळांसाठी खऱ्या पैशांनी विकली जाणारी नाणी ठेवणे, हा खेळाडूच्या खिशात घातलेला हात आहे.

हे सारे असूनही गेम खेळावा, हेच मी सांगेन. आधी 'ग्राउंड झीरोज' संपवा, मग 'द फँटम पेन'ला हात घाला. काळ मंदावणारी सवलत बंद ठेवा, एकच बंदूक घेऊन सगळीकडे जाऊ नका. आपल्या समीक्षकांनाही विनंती आहे : नकाशा किती मोठा, याच्या आधी त्या नकाशात कोण राहते ते लिहा.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक