हळद जिंकली, पण...

बोट कापलं की आधी हळद दाबायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा आपल्याला राग आला. डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने संस्कृत दाखले आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट.

पण मंडळी, तिथे सिद्ध काय झालं? हे ज्ञान नवं नाही, एवढंच. हळदीने जखम किती लवकर भरते, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

तो आता हायड्रोजेलवाल्यांचा विषय आहे. हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारी मऊ पट्टी. ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर दाखवलं होतं. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जेमतेम विरघळतं. ते सूक्ष्म कणांत बांधून जेलमधून हळूहळू सोडायचं, अशी ही खटपट. उंदरांवरचे निकाल आशादायक आहेत, माणसांवरच्या मोठ्या चाचण्या मात्र कमीच.

मला वाटतं, आजीच्या हळदीचा खरा मान या तपासणीतच आहे. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळ निघते, आणि पिवळ्या थराखाली जखमेची लाली दिसत नाही. मधुमेह असलेल्या काका-मामांनी तरी पायाच्या जखमेवर ती चेपू नये. आधी डॉक्टर, मग अभिमान.