सिंगल रूम, वन आरके की पीजी? नागपुरात स्वस्त घर निवडताना भाड्याच्या आकड्यापलीकडे काय पाहावे?

जून महिना लागला की नागपुरातील मेडिकल चौक, नंदनवन, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, जयताळा या भागांत फाटकांवर ‘रूम किरायाने देणे आहे’च्या पाट्या झळकू लागतात. गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, भंडारा, तसेच शेजारच्या मध्य प्रदेशातून शिक्षणासाठी तरुण शहरात येतात. त्याच सुमारास हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी आणि मिहानमध्ये नव्याने रुजू झालेल्यांचीही घराची शोधाशोध सुरू असते. हातात पैसे मोजके आणि वेळ त्याहून कमी. त्यामुळे बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘किराया किती?’

हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. स्वस्त म्हणून घेतलेली खोली तीन-चार महिन्यांत महाग पडते, याची कारणे बहुतेक वेळा पाटीवर लिहिलेली नसतात. ती वीज मीटरमध्ये, छतामध्ये, रोजच्या प्रवासात आणि मुख्य म्हणजे न केलेल्या करारात असतात.

नागपुरात लहान भाड्याच्या घरांचे प्रकार कोणते?

सर्वसाधारणपणे चार प्रकार दिसतात. पहिला, घरमालकाच्याच घरात किंवा गच्चीवर बांधलेली सिंगल रूम. यात लेट-बाथ अनेकदा सामाईक असते आणि स्वयंपाकाचा ओटा असेलच असे नाही. दुसरा, रूम-किचन किंवा वन आरके. एक खोली, लहान स्वयंपाकघर आणि स्वतंत्र लेट-बाथ अशी त्याची रचना असते. तिसरा, दोघा-तिघांनी मिळून घेतलेला वन किंवा टू बीएचके फ्लॅट. चौथा, पीजी किंवा खासगी होस्टेल. तिथे खोलीचे नव्हे, कॉटचे पैसे मोजावे लागतात आणि जेवण, वाय-फाय, साफसफाई बहुधा त्यातच धरलेली असते.

कोणासाठी कोणता प्रकार सोयीचा?

शहरात पहिल्यांदाच आलेल्या आणि सहा महिने ते वर्षभरच राहायचे असलेल्या विद्यार्थ्यासाठी पीजी सोयीचे ठरते. गादी, कपाट, पंखा, कुलर यातले काहीच विकत घ्यावे लागत नाही. मात्र येण्या-जाण्याच्या वेळा, पाहुण्यांवरची बंदी आणि मेसच्या जेवणाचा दर्जा यावर राहणाऱ्याचे फारसे नियंत्रण नसते. पाळीत काम करणाऱ्याने तर रात्री दार किती वाजता बंद होते, हे आधी विचारावे.

स्वतः स्वयंपाक करणाऱ्या, दीर्घकाळ राहणाऱ्या जोडप्यासाठी किंवा एकट्या नोकरदारासाठी वन आरके अधिक योग्य. सुरुवातीला सामानाचा खर्च येतो, पण मेसचे पैसे वाचतात. शेअरिंगमधला फ्लॅट माणशी स्वस्त पडतो, मात्र एक जण मध्येच सोडून गेला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या डोक्यावर येतो. म्हणून करारात राहणाऱ्या सर्वांची नावे हवीत. एकाच्याच नावावर करार असेल, तर घरमालकासमोर सगळी जबाबदारीही त्याचीच. सिंगल रूम सर्वांत स्वस्त दिसते, पण पुढचे हिशेब न करता घेतली तर फसगतही तिथेच जास्त होते.

खरा महिन्याचा खर्च कसा काढायचा?

भाडे, वीज, पाणी, जेवण आणि प्रवास हे पाच आकडे एकत्र लिहिल्याशिवाय दोन घरांची तुलना करू नये. उदाहरण म्हणून समजा, शहराच्या टोकाला ४,००० रुपयांची खोली आहे आणि कामाच्या ठिकाणाजवळ ५,५०० रुपयांची. लांबच्या खोलीतून दुचाकीने रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर होत असतील, तर महिन्याच्या २६ दिवसांत ७८० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर साधारण १७ लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे १०० रुपये धरले तरी १,७०० रुपये झाले. १,५०० रुपये वाचवण्यासाठी १,७०० रुपये खर्च, शिवाय रोजचा तासभर रस्त्यावर.

इथे मेट्रोचा नकाशा उपयोगी पडतो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. मिहानकडे जाणाऱ्याने वर्धा मार्गावरील, तर हिंगणा मार्गावर काम असलेल्याने सुभाषनगर ते लोकमान्यनगर पट्ट्यातील स्थानकांपासून चालत जाता येईल असे घर पाहावे. मात्र स्थानकावर उतरल्यावर कंपनीपर्यंतचा शेवटचा टप्पा कसा गाठणार, हेही आधी तपासावे. अन्यथा ऑटोचे भाडे मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त होते.

वीज मीटरचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनुसार वाढतात. पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० युनिटचा त्याहून बराच जास्त आणि पुढे आणखी चढा. समजा, एका घरातील तीन खोल्यांमध्ये प्रत्येकी ९० युनिट वीज वापरली जाते. तिघांचे मीटर वेगळे असते, तर प्रत्येक जण पहिल्याच टप्प्यात राहिला असता. पण मीटर एकच असेल तर एकूण वापर २७० युनिट होतो आणि त्यातील १७० युनिट वरच्या दराने आकारले जातात. वीज तितकीच, बिल मात्र जास्त.

म्हणून खोली पाहताना स्वतंत्र मीटर आहे की सबमीटर, हे विचारावे. सबमीटर असेल तर युनिटमागे किती रुपये घेणार, हे करारात लिहून घ्यावे. राहायला येण्याच्या दिवशी मीटरवरील आकड्याचा फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवावा. महिनाअखेरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

गच्चीवरची खोली घ्यावी का?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. टिनाचे छत असेल तर दुपारी आत बसवत नाही. हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात खोली पाहणाऱ्याला याचा अंदाज येत नाही. शक्य असल्यास मधला मजला निवडावा. वरचाच मजला घ्यावा लागला तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुना लावून देण्याबाबत आधीच बोलून घ्यावे.

दुसरी गोष्ट खिडकीची. कुलरला बाहेरची कोरडी हवा आत घेण्यासाठी एक खिडकी आणि आतली हवा बाहेर जाण्यासाठी दुसरी वाट लागते. एकच दार असलेल्या बंद खोलीत कुलर लावला तर गारव्याऐवजी दमटपणा वाढतो. कुलरची टाकी रोज भरायला बऱ्यापैकी पाणी लागते. त्यामुळे उन्हाळ्यात नळ किती वेळ येतो, बोअरवेल आटते का, टँकर मागवावा लागला तर पैसे कोणी द्यायचे, हे प्रश्न नुसत्या घरमालकाला नव्हे, शेजाऱ्यांनाही विचारावेत. बेसासारख्या महापालिका हद्दीबाहेरच्या नव्या वस्त्यांमध्ये तर हे आवर्जून विचारावे.

तिसरी गोष्ट जिवाशी संबंधित. लोखंडी कुलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या घटना विदर्भात उन्हाळ्यात घडतात. खोलीतील प्लग थ्री-पिन आहे का, अर्थिंग दिलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेण्याचा खर्च किरकोळ आहे. आणि कुलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे.

‘११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’, हे खरे आहे का?

नाही. महाराष्ट्रात हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्यात सूट आहे, त्यावरून तो पसरला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर पुरावा द्यावा लागतो. म्हणजे नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर निभावून नेणारा घरमालक स्वतःचीच बाजू कमकुवत करत असतो.

नोंदणीला खर्च किती येतो?

मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परतीच्या डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के इतके असते. ६,००० रुपये भाडे, १२,००० रुपये डिपॉझिट आणि ११ महिने मुदत धरली तर ही बेरीज ६७,१०० रुपये होते आणि त्यावरील शुल्क सुमारे १६८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आहे. ऑनलाइन प्रक्रियेचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे वेगळे. आधार आणि बोटांच्या ठशांच्या आधारे ही नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात न जाताही होते.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो आणि नोंदणी फी एकदाच लागते. दर ११ महिन्यांनी करार केला तर ३३ महिन्यांत तीनदा फी भरावी लागते. एकदाच ३३ महिन्यांचा करार केला तर २,००० रुपये वाचतात. त्यात दरवर्षीची भाडेवाढ आणि एक महिन्याच्या नोटिशीने सोडण्याची अट लिहिली की दोघांचीही सोय होते.

कागद नसेल तर काय बिघडते?

डिपॉझिट परत मिळवताना हातात काही नसते, हा पहिला तोटा. गॅस जोडणी, बँक खाते, पत्त्याचा पुरावा अशा कामांत अडचण, हा दुसरा. विद्यार्थ्यांसाठी तिसरा तोटा सर्वांत मोठा आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपूर सर्वाधिक रकमेच्या शहरांत मोडते. वर्षाला ६०,००० रुपये, त्यात निवासासाठी २०,००० रुपये. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. अशा योजनांसाठी राहत्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. दरमहा ३०० रुपये कमी भाड्याची, पण करार न देणारी खोली अशा विद्यार्थ्याला किती महाग पडेल, हे वेगळे सांगायला नको.

पीजीमध्ये बहुधा करार नसतो. तिथे किमान डिपॉझिटची पावती, ते परत करण्याची मुदत आणि नियमांची प्रत घ्यावी. ‘जीएसटी लागेल’ असे सांगून जादा पैसे मागितले गेले तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. जून २०२४ मधील जीएसटी परिषदेच्या ५३व्या बैठकीनंतर दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला सूट देण्यात आली आहे.

घरमालक कचरतात कशामुळे?

त्यांची भीती अगदीच निराधार नाही. विदर्भात दीर्घकाळ सीपी अँड बेरारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला काढायचे तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचे वर्षानुवर्षे चाललेले खटले अनेक कुटुंबांनी पाहिले आहेत. ‘कागद केला की भाडेकरू घर बळकावतो’ ही समजूत त्याच काळातली. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि चित्र उलटे झाले. आता मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळासाठी दुप्पट रक्कम आकारण्याची तरतूद आहे. म्हणजे घर वाचवायचे असेल तर कागद करणेच फायद्याचे.

आता काय व्हायला हवे?

दोष फक्त घरमालकांचा नाही. ३,००० रुपयांच्या खोलीला आणि ५०,००० रुपयांच्या बंगल्याला नोंदणी फी सारखीच १,००० रुपये आहे. लहान भाडेकरूसाठी ती महिन्याच्या भाड्याचा तिसरा हिस्सा ठरते. ठरावीक रकमेखालील भाड्यासाठी ही फी नाममात्र केली, तर लाखो व्यवहार कागदावर येतील. जूनमध्ये महाविद्यालयांच्या परिसरात नोंदणीची शिबिरे घेणेही अवघड नाही.

घरमालकांनीही एक सवय सोडायला हवी. भाडे वेळेवर मिळेल का, घर नीट ठेवले जाईल का, हे विचारणे रास्त आहे. आडनाव ऐकून जात-धर्म चाचपणे, एकट्या मुलीला नकार देणे हे रास्त नाही. ज्याला चांगल्या वस्तीत नकार मिळतो, तोच शेवटी बिनखिडकीची, बिनकराराची खोली घेतो आणि जास्त पैसे मोजतो.

भाडेकरूसाठी निर्णयाचा क्रम सोपा आहे. आधी करार मिळतो का ते विचारावे. मग छत, खिडकी, मीटर आणि पाणी पाहावे. त्यानंतर प्रवासासह पाच आकड्यांची बेरीज करावी. पाटीवरचा किराया सर्वांत शेवटी.