तुळजापूरच्या वाटेवरचा उजेड

मा. संपादक यांस,

रात्रीचे प्रकाशोत्सव पायी हिंडून पाहावेत ते परदेशातच, मराठवाड्यात तशी रीत नाही, असे आपल्या गेल्या अंकातील लेखात म्हटले आहे. हे विधान साफ चुकीचे आहे.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर अंतर हजारो भाविक रात्रभर चालून कापतात. कर्नाटकातूनही लोक पायी येतात. नवरात्रात तिथल्या तुळजाभवानीच्या मंदिरावर विजेची रोषणाई असते, लेखकाने तेवढीच पाहिलेली दिसते. खरा पाहावा तो पोत. कापडाचा घट्ट पिळा, त्यावर बुधलीतून सोडलेली तेलाची धार, वाऱ्याने आडवी होणारी ज्योत, शेजारी संबळ आणि ‘आई राजा उदो उदो’चा गजर. आराधी, गोंधळी हा उजेड हातात धरून चालतात.

लेखकाने फ्रान्समधील ल्यों शहरातील प्रकाशोत्सवाचा दाखला दिला, त्याचे मूळ मात्र सांगितले नाही. ८ डिसेंबर १८५२ रोजी मेरीमातेच्या पुतळ्याच्या सोहळ्यानिमित्त तिथल्या रहिवाशांनी खिडक्यांत दिवे लावले. तो उत्सवही श्रद्धेतूनच उभा राहिला. मग तुळजापूरला ‘केवळ यात्रा’ म्हणून वगळायचे का?

लेखातला चालणाऱ्यांच्या गैरसोयीचा मुद्दा तेवढा मान्य. त्यासाठी वाटेवर पाणी, स्वच्छतागृहे आणि चालणाऱ्यांना वाहनांपासून राखलेली बाजू हवी. आपण हा आग्रह धरावा, आणि येत्या कोजागिरीला आपला प्रतिनिधी सोलापूरहून पायी पाठवावा.

— एक वाचक, तुळजापूर