बंदुकीवरची दुर्बीण

गेल्या गणपतीत पुतण्या मुंबईहून आला आणि संध्याकाळची आरती झाल्याबरोबर मोबाईल घेऊन ओटीवर माझ्या शेजारी बसला. "काका, या तीनांतली कुठली घेऊ सांगा." बघतो तर बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी. एक ३-९×४०, एक ४×३२ आणि एक चांगली ८×५६, जर्मन. शेतीसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर, म्हणजे बार काढणार मी आणि दुर्बीण त्याची भेट. पोराच्या मनात प्रेमच होतं. मी म्हटलं, "यातली एकही नको." तो हिरमुसला. दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं, की म्हाताऱ्याला नवीन काही पटत नाही.

वाडीत दोघांनी अशा दुर्बिणी आधीच बसवल्या आहेत. तेव्हा हे मी माझ्या एकट्यापुरतं लिहीत नाही.

आधी एक सांगतो. डुकरांची बाजू घेणारा मी नव्हे. शहरात बसून 'बिचारी जनावरं' म्हणणाऱ्यांनी एकदा दसऱ्याच्या सुमारास आमच्या कुणग्यात यावं. रात्री कळप उतरला की सकाळी भात आडवं, निम्मं खाल्लेलं, निम्मं तुडवलेलं. सुरण उकरलेला, केळी मुळासकट पाडलेली. चार महिने चिखलात काढल्यावर ते बघताना माणसाला काय होतं, ते मला कुणी शिकवू नये. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. आता पिकावर येणाऱ्या डुकरासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते. ती काढून मीही बार टाकलेले आहेत. माझं भांडण दुर्बिणीशी आहे.

पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हाला त्यातलं माहीत नाही." म्हणून ते आकडे मी समजून घेतले. ३-९×४० म्हणजे जनावर तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. व्यासाला पटीनं भागलं, की डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या गोल ठिपक्याची रुंदी मिळते. तिपटीला हा ठिपका तेरा मिलिमीटरचा, नऊपटीला जेमतेम साडेचार. तरण्या माणसाची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटर उघडते. म्हणूनच तिकडे युरोपात रात्री मचाणावर बसणारे शिकारी ८×५६ घेतात, छप्पन्न भागिले आठ, बरोबर सात. हिशेब चोख आहे. पण माझ्या ७१ वर्षांच्या बाहुल्या आता तेवढ्या उघडत नाहीत. उरलेला उजेड बुबुळावर पडून वाया. पैसे मात्र पुऱ्या छप्पन्नचे.

तिकडचेच शिकारी डुकराचा हाका करतात, तेव्हा काय लावतात? एकपट ते चारपट, फार तर सहापट. जवळून पळणारं जनावर मोठं दिसून उपयोग नाही, आजूबाजूचं रान दिसायला हवं, हे त्यांना कळतं. आपल्याकडे मात्र जेवढा आकडा मोठा तेवढा माल भारी. सायकलला ट्रकचा भोंगा लावण्यातला प्रकार.

आणि ही सगळी बात रायफलीची झाली. रायफलीच्या नळीत आतून आटे असतात, गोळी गरगर फिरत सरळ जाते, म्हणून तिला लांबचा नेम. उघड्या डोंगरात दोनशे मीटरवरचं जनावर एका गोळीत, तडफडत न ठेवता पाडायचं, तर दुर्बीण हवीच. तिथे ती न लावणं हा उलट जनावरावर अन्याय. पण आमच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुका कुठल्या? ठासणीच्या, नाहीतर बारा बोअरच्या एकनळी. आतून गुळगुळीत. एलजीचं काडतूस घातलं तरी छर्रे पसरत जातात, चाळीस मीटरच्या पुढे भरवसा नाही. दुर्बिणीत शंभर मीटरवरचं डुकर उंबऱ्यावर आल्यासारखं दिसतं आणि माणूस चाप ओढतो. एखाददुसरा छर्रा पोटात घेऊन जनावर रानात जातं आणि चार दिवस कुजून मरतं. नाहीतर जखमी होऊन जाळीत बसतं आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. बंदुकीचा पल्ला होता तेवढाच राहिला, लांबला फक्त माणसाचा मोह.

बारा बोअरचा धक्का वेगळाच. दुर्बिणीला डोळा चिकटवून बार काढला, की तिची कड भुवईत घुसते. वाडीतल्या एकाच्या कपाळावर अर्धचंद्र उमटला आहे. तो विचारणाऱ्याला चौकट लागली म्हणून सांगतो.

पण हेही सगळं सोसलं असतं. खरं कारण दुसरं आहे आणि ते मी आजवर घरातही बोललो नव्हतो.

१९७१ साल. मी सतरा वर्षांचा. कोजागिरी होऊन गेली होती, भात कापणीला आलेलं. परवाना बाबांच्या नावावर, पण त्यांना ताप होता म्हणून राखणीला माळ्यावर मी आणि चुलता. बाबांनी निघताना बजावलं होतं, "चार पाय दिसले तर डुकर. दोन दिसले तर आपलोच कोणतरी. पाय दिसले नाय तर बार नाय." मी हो हो म्हटलं. मध्यरात्री चुलता पेंगला आणि खालच्या कुणग्यात, मेरेजवळ, भात हललं. तीसेक मीटरवर. तीन सेलची बॅटरी मारली. काळी, केसाळ, वाकलेली पाठ. मी नळीच्या टोकाचा पितळी मणी त्या पाठीवर धरला आणि चापावर बोट ठेवलं. पाय बघायचे, हे मला आठवलंसुद्धा नाही.

पाठ खोकली. मग आवाज आला, "कोणी मेल्यान पाणी अडवल्यान रे!"

शेजारचे आजोबा. दव पडत होतं म्हणून पाठीवर घोंगडी, आणि खाली वाकून मेर फोडून आपल्या कुणग्यातलं पाणी काढत होते. माझ्या हातांना जो कंप सुटला तो सकाळपर्यंत थांबला नाही. चुलत्यानं बंदूक काढून घेतली, काडतूस बाहेर काढलं आणि एवढंच म्हणाला, "आता बस." ते आजोबा पुढे सव्वीस वर्षं जगले. त्यांच्या नातीच्या लग्नात मी पंक्तीला वाढलं. त्या रात्रीचं त्यांना कधीच कळलं नाही.

हे ऐकल्यावर पुतण्यानं जे विचारलं, ते कुणीही विचारील. "काका, मग दुर्बीण असती तर तुम्हाला स्पष्ट दिसलं नसतं का?"

नसतं दिसलं. नऊपटीला तीस मीटरवर जेमतेम एक मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. त्या गोलात मला काय दिसलं असतं? घोंगडीची लोकर. काळी, केसाळ, आणखी मोठी आणि आणखी खात्रीची. बाजूला ठेवलेलं फावडं दिसलं नसतं, मेर दिसली नसती, मागची वाडी तर नाहीच. त्यात बहुतेक दुर्बिणी शंभर मीटरच्या हिशेबानं जुळवलेल्या असतात. मोठ्या पटीला तीस मीटरवरचं धूसर दिसतं, आणि धूसर असलं, की मन आपल्याला हवं ते जनावर त्यात भरतं.

आणि समजा, दिसलंही असतं. पण ते बघण्यासाठी मी काय केलं असतं? भरलेली बंदूक त्या माणसावर रोखली असती. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून 'कोण आहे' ते बघायचं म्हणजे जिथे बघायचं तिथे नळी धरायची. दार कोण वाजवतंय ते बघायला कुणी कोयता उगारून दार उघडत नाही. कोण आहे हे ठरल्यावर नळी उचलायची असते, ठरवण्यासाठी नव्हे. एवढा एकच मुद्दा पटला, तरी बाकीचं सगळं सोडून द्या.

मोठमोठ्या शिकाऱ्यांची नावं मला ऐकवू नयेत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना मिळालेली रिग्बी रायफल प्रसिद्ध आहे. तिच्यावर दुर्बीण नाही, साधा उघडा नेम आहे. कॉर्बेट आधी माग काढायचे, रानातले इशारे ऐकायचे, जनावर ओळखायचे. बार सगळ्यात शेवटी.

दुसरं म्हणजे, राग काढायची जागा चुकते आहे. विधानसभेचं मतदान २०१४ साली १५ ऑक्टोबरला झालं, २०१९ साली २१ ऑक्टोबरला. ऐन कापणीचे दिवस. आचारसंहिता लागली, की आम्हाला बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. डुकरांना आचारसंहिता नसते. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, सातबारा, हेलपाटे, आणि शेवटी हातात येतं त्यात बियाण्याचे पैसे सुटत नाहीत. यावर बोलायला ग्रामसभेत किती जण उभे राहतात? पण दुर्बीण कुठली भारी, यावर तिठ्यावर तास तास चर्चा. जर्मन दुर्बिणीच्या पैशांत मेरेला सौर कुंपणाच्या तारा फिरतील, आणि त्या रात्री पेंगत नाहीत.

पुतण्याला मी शेवटी म्हटलं, "तुला द्यायचीच आहे ना दुर्बीण? मग ७×५० घे. हातात धरायची, दोन डोळ्यांची, खलाशी वापरतात तसली. पन्नास भागिले सात, ठिपका सातचा. बंदूक मांडीवर आडवी, काडतूस बाहेर, आणि दुर्बीण हातात. आधी रान बघायचं, मग पाय मोजायचे. चार भरले, मागे वाडी नाही, वाट नाही, मग बॅटरी आणि मग बंदूक."

तो काही बोलला नाही. दिवाळीत आला तेव्हा खोकं घेऊन आला. ७×५० च होती. पहिल्याच रात्री माळ्यावरून आम्ही दोघांनी आलटून पालटून बघितलं. खालच्या कुणग्याच्या मेरेवर काहीतरी काळं हललं. पुतण्या बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, दोन आहेत."

खालच्या घरातला नातू होता, पाणी काढायला आलेला. त्याच आजोबांचा.