अड्याळची हवा कोण मोजणार?

भंडारा जिल्ह्यातील अड्याळच्या परिसरात हवेचा रंग ऋतूगणिक पालटतो. धानाची मळणी उरकली की हिवाळ्यात पहाटे चुलींचा आणि जळत्या तणसाचा धूर बांध्यांवर पसरून राहतो. चैत्र-वैशाखात मोहाखालचा पाचोळा पेटवला जातो, रानात वणवे लागतात आणि क्षितिज धूसर होते. पावसाळा आला की हवा धुऊन निघते. एवढे इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण हा धूर किती उंच चढतो आणि त्यात दूरच्या वाळवंटातील धूळ किती मिसळते, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

ते पाहण्याचे साधन विज्ञानाने निर्माण केले आहे. अमेरिका आणि फ्रान्स यांनी एप्रिल २००६ मध्ये ‘कॅलिप्सो’ हा उपग्रह अवकाशात सोडला. सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून तो लेसर प्रकाशाचे झोत खाली टाकी. कणांवर आपटून परतलेल्या प्रकाशाला किती वेळ लागला यावरून थराची उंची कळे. त्या प्रकाशात काय बदल झाला यावरून कण धुळीचे की धुराचे, याचा अंदाज बांधता येई. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे काम थांबले. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपान यांचा ‘अर्थकेअर’ उपग्रह असेच यंत्र घेऊन गेला.

या निरीक्षणांचा सर्वांत बोलका पुरावा हिमालयाच्या पायथ्याशी मिळाला. हिवाळ्यात गंगेच्या मैदानातील धूर जमिनीलगत कोंडून राहतो. मार्च ते मे या काळात तापलेल्या हवेबरोबर थरच्या वाळवंटातील धूळ आणि मैदानातील धूर पर्वताच्या उतारांवर कित्येक किलोमीटर उंच चढतात. म्हणजे उन्हाळी धुरकटपणात परप्रांतीच्या धुळीचा वाटा मोठा असू शकतो. हिवाळी धूर मात्र बहुतांशी आपल्याच भवतालचा असतो.

हा भेद केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. हवा बिघडली की दोष कोणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मोह वेचणाऱ्या आदिवासीकडे बोट दाखवणे सोपे असते. मौद्याची आणि तिरोड्याची कोळशावरील वीजकेंद्रे, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी यांचा हिशेब मागणे कठीण असते. हिशेब मोजणीनेच होतो. तर्काने नव्हे, आणि घोषणांनीही नव्हे.

परंतु उपग्रहावर सारी भिस्त ठेवता येत नाही. त्याचा झोत एका अरुंद पट्ट्यावरूनच जातो, दाट ढगांखालचे त्याला दिसत नाही, आणि जमिनीला अगदी लगटून असलेल्या थराबाबत त्याची नजर कच्ची पडते. चुलीपुढे बसलेली बाई आणि खाणीतला मजूर श्वास घेतात तो नेमका त्याच थरात! तेथे जमिनीवरचेच यंत्र हवे. २०१९ साली सुरू झालेला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम मात्र शहरे डोळ्यांपुढे ठेवूनच आखला गेला. खेड्यातल्या माणसाला फुप्फुसे नसतात काय?

म्हणून मागणी साधी आहे. अड्याळसारख्या गावांत बारमाही मोजणीची यंत्रे बसवावीत, उपग्रहाच्या निरीक्षणांशी त्यांचा मेळ घालावा, आणि ऋतुवार निष्कर्ष मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावेत. कार्यकर्त्यांनीही धुराच्या दिवसांची आणि खोकल्याच्या रुग्णांची नोंदवही आजपासून ठेवावी. आकाशातून आपल्या हवेकडे पाहता येते. ती श्वासात घेणाऱ्याला तिचा हिशेब मिळणे हा त्याचा हक्क आहे.